त्सुशिमा घ्यावा का? (ठिपक्यांना कंटाळलेल्याचा प्रश्न)

शनिवारचा_खेळाडू
मंडळी, माझ्याकडे जुना पीएस फोर आहे, नवा घ्यायचा सध्या विचार नाही. एक मित्र 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'ची (जपानच्या त्सुशिमा बेटावर मंगोलांशी लढणाऱ्या सामुराईचा खेळ) डिस्क अर्ध्या किमतीत देतोय. अडचण अशी की मागचे दोन ओपन वर्ल्ड, म्हणजे मोठ्या नकाशावर हवं तिकडे भटकायचे खेळ, मी अर्ध्यातच सोडले. नकाशा उघडला की गोवर उठल्यासारखे ठिपके, आणि एकेक पुसत बसायचं. आठवड्याला चार तास मिळतात, तेही पोरगी झोपल्यावर. सामुराई, तलवारी वगैरे आवडतं. पण खेळून काही हाती लागतं का, की नुसते तास जातात? शेवट फोडू नका.

तिसरी_पाळी
दोनदा संपवलाय. पहिल्यांदा २०२० मध्ये आला तेव्हा, दुसऱ्यांदा गेल्या वर्षी, नंतर जोडलेल्या इकी बेटाच्या भागासकट. घे. पण ठिपके इथेही पाठ सोडत नाहीत, हे आधीच सांगतो. कोल्ह्यांची बिळं, बांबू कापायच्या जागा, गरम पाण्याची कुंडं, मंगोलांच्या छावण्या, सगळं आहे.

फरक वाटेत आहे. पडद्याच्या कोपऱ्यात छोटा नकाशा नाही. टचपॅडवर बोट वर सरकवलं की वारा सुटतो, गवत ज्या बाजूला झुकेल तिकडे घोडा घालायचा. त्यामुळे नजर रस्त्यावर राहते. मध्येच एखादा पिवळा पक्षी पुढे येऊन घिरट्या घालतो, त्याच्यामागे गेलास की कुठेतरी पोचतोसच. आमची आई एरवी माझ्या खेळांकडे ढुंकून बघत नाही. मी कोल्ह्यामागे धावत होतो, तो इनारी देवाच्या छोट्या देवळापाशी थांबला, जिनने (खेळाचा नायक) हात जोडले, मग कोल्ह्याला कुरवाळलं. आई म्हणाली, "एवढा वाट दाखवत आला, त्याला खायला नको का द्यायला?" मला उत्तर सुचलं नाही.

लढाई म्हणशील तर स्टँडऑफसाठीच पैसे वसूल. छावणीच्या दारात उभं राहून हाक मारायची, एकजण समोर येतो, त्रिकोणाचं बटण दाबून धरायचं. तो खांदा हलवून हूल देतो. तिथे बोट सुटलं की मेलास. खरा वार येईपर्यंत दम धरायचा आणि मग सोडायचं. पहिल्या दिवशी मी सात-आठदा हुलीला फसलो. पुढे भाल्यावाल्याला एक पवित्रा, ढालवाल्याला दुसरा, असं दर दोन सेकंदांनी बदलत राहतोस; हाताला सवय झाली की गंमत आहे.

आता रडगाणं. लहान मोहिमा एकाच साच्यातल्या. कोणीतरी हरवलंय, पावलांचे ठसे बघ, रक्ताचा डाग बघ, डोंगरामागे मंगोल, कापाकापी, निरोप. पहिल्या वेळी मी हट्टाने इझुहाराचा अख्खा भाग साफ केला आणि तोयोतामात पोचेपर्यंत इतका वैतागलो की महिनाभर डिस्कला हात लावला नाही. दुसऱ्यांदा फक्त सोबत्यांच्या कथा केल्या. मासाकोबाईंची, इशिकावा गुरुजींची आणि युरिकोची. युरिको म्हणजे जिनला लहानाचं मोठं केलेली म्हातारी दाई. ती विष बनवायला शिकवते, आणि शिकवता शिकवता तिला जिनच्या जागी त्याचा बाप दिसायला लागतो. तो आधी दुरुस्त करतो, मग करत नाही. माझ्या आजीचं शेवटचं वर्ष असंच गेलं. त्या रात्री पुढे खेळलो नाही.

तुझ्या चार तासांत एक सोबती, एखादी छावणी, बाकी वारा नेईल तिकडे. कोल्हे मोजू नकोस.

बखरवाला
इतिहास शिकायला घेणार असाल तर जरा जपून. १२७४ ची स्वारी खरी, कोमोदाचा किनारा खरा, बेटाचा कारभारी सो सुकेकुनी ऐंशीएक स्वारांनिशी तिथे लढून पडला हेही खरं. पण मंगोल काही दिवसांतच शेजारच्या इकी बेटावर आणि तिथून क्यूशू बेटावरच्या हाकाताकडे गेले. बेट काबीज करून बसलेला खेळातला मंगोल सरदार खोतुन खान काल्पनिक. जिन जागोजागी बसून हायकू रचतो, तो प्रकारच सतराव्या शतकातला. तेव्हा ३१ अक्षरांची वाका ही कविता चाले. जिनच्या कमरेची कताना तलवारही पुढच्या काळातली, त्या वेळी स्वाराकडे ताची ही जुन्या घडणीची तलवार असे. माझं घोडं तिथेच अडलं.

तिसरी_पाळी
बखरवाले, मान्य. पण हायकूचा मोबदला काय, तर कपाळाला बांधायची पट्टी. त्यावर किती भांडायचं?

फुकटचा_सल्ला
मला नाही झेपला. झाडाझुडपांत लढाई लागली की कॅमेऱ्यासमोर फांदी, आणि फांदीमागे धनुर्धारी. शत्रूवर नजर बांधायची सोय २०२१ च्या अपडेटमध्ये आली, तोवर मी विकून मोकळा झालो होतो. शिवाय जिनचे शिमुराकाका! मागून वार केला की लागलीच इभ्रतीवर कीर्तन. गावं जळताहेत, आणि ह्यांना पुढून मारलं की मागून ह्याची पडलीय.

तिसरी_पाळी
काकांचं कीर्तन शेवटपर्यंत सहन कर, इतकंच म्हणतो. आणि जपानी आवाज लावणार असशील तर पीएस फोरवर ओठ इंग्रजीलाच जुळवलेत, ते खटकेल. मी तरी जपानीच ठेवला.

शनिवारचा_खेळाडू
घेतला. काल तीन तास झाले. गोष्ट फारशी सरकली नाही, हुलीला पाचदा मेलो, कोल्हा एक. पोरगी उठून आली होती, तिने पांढरा घोडा निवडला आणि नाव सोरा ठेवलं. आता तिला रोज सोरा बघायचाय. नाव नंतर बदलता येतं का?

तिसरी_पाळी
नाही येत. आणि तिसऱ्या भागाला लागशील त्या रात्री पोरीला आधी झोपव.