फ्यूज वाढवू नका, हँडलपाशी वायर तपासा

मोटरसायकलचा फ्यूज सारखा उडतो, या तक्रारीवर इथे वर कोणीतरी "दहाचा (१० अँपिअरचा) फ्यूज सारखा उडतो तर वीसचा घाला" असा सल्ला दिलाय. तो कृपा करून कोणी मानू नका. फ्यूज वायर वाचवायला असतो. तो मोठा केला की पुढच्या शॉर्टला वायरच वितळते, आणि ती जाते पेट्रोलच्या टाकीखालून. शॉर्ट बहुधा होतो तो वायरचं आवरण घासून आतलं तांबं चेसिसला टेकल्यामुळे. घासण्याची नेहमीची जागा म्हणजे हेडलाइटच्या मागे, चेसिसच्या मानेपाशी, म्हणजे हँडलचा दांडा चेसिसमध्ये बसतो तिथे. प्रत्येक वळणाला वायर तिथेच दुमडते. गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवा. इंजिन अडखळलं किंवा दिवा मिचकावला तर दोष बहुधा तिथेच.

मुंबईतल्या गाड्यांबद्दल एक गोष्ट मात्र इथे कोणी लिहिली नाही. वरळी-वर्सोव्याकडची खारी हवा आणि पावसाचं पाणी सोललेल्या जागेतून आत शिरतं, आणि तांबं आवरणाखाली लांबवर हिरवं-काळं पडत जातं. वरून वायर धडधाकट दिसते. म्हणून नुसती टेप गुंडाळून भागत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा, तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा सोल्डर करून (डाग देऊन) जोडा, वर हीटश्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवा. आणि जोड वळणाच्या जागी अजिबात येऊ देऊ नका. सोल्डर केलेली वायर कडक होते, वाकून वाकून पुन्हा तुटते.