कुंकळ्ळीच्या काकाला वांगड द्यावा का?

फोंडेकर:
पहिलीच कादंबरी, तीही ऐतिहासिक. प्रकाशक मिळाला, मुद्रितं तपासायला आली आणि एका पात्रापाशी घोडं अडलं. विषय १५८३ची कुंकळ्ळी, दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतलं गाव. त्या जुलैत चर्चसाठी जागा बघायला पाच जेझुइट मिशनरी, चार पाद्री आणि एक ब्रदर, गावात आले. सासष्टीतली देवळं आधीच पाडलेली, त्यात हे आता क्रूस रोवणार म्हटल्यावर गावकरांनी त्यांना ठार केलं. सोबतचे काही स्थानिक ख्रिस्तीही मेले. पुढे गावच्या नायकांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथेच कापून काढलं. हे सगळं बहुतेकांना ठाऊक असतं.

माझी गोष्ट मात्र दोमिंगुची. हा कुंकळ्ळीचाच पोरगा, राशोलला जेझुइटांकडे शिकणारा. चर्चचे वृत्तांत सांगतात की पाद्र्यांना गावातली देवळं त्याने दाखवली आणि त्याला मारलं ते त्याच्याच हिंदू काकाने. काकाचं नाव माझ्या वाचनात कुठेच आलं नाही. मी त्याला नाव दिलं आणि गावच्या बारा वांगडांपैकी, म्हणजे मूळ गावकर घराण्यांपैकी, एका खऱ्या वांगडात बसवलं. तो खलनायक नाही. आदल्या रात्री तो पोराला पेज वाढतो, सुक्या बांगड्याचा तुकडा भाजून देतो. पोरगा जेवायच्या आधी क्रुसाची खूण करतो. काका बोलत काहीच नाही, फक्त तो तुकडा उचलून स्वतःच्या पानात घेतो.

प्रकाशक म्हणतात वांगड ठेवा, घरचे म्हणतात काढा. तुम्ही काय म्हणता?

सासष्टीकार:
काढा. फोंडेकरबाब, तुम्ही फोंड्याला बसून लिहिता, मी कुंकळ्ळीत राहतो. इथे वांगड म्हणजे जुन्या दप्तरातली नोंद नव्हे. शिगम्यात सोंत्र्यो, म्हणजे छत्र्यांची मिरवणूक, निघते तेव्हा देवीबरोबर बारा वांगडांच्या बारा छत्र्या असतात आणि कुठली कोणाची हे पोरंसोरंही सांगतील. तुमचं पुस्तक आलं की त्या एका छत्रीखालच्या माणसाला तिठ्यावर विचारतील, ‘पुतण्याला मारणारे ते तुम्हीच ना?’ विरुद्ध बाजूने लिहिलेल्या एका ओळीच्या जोरावर आख्ख्या घराण्यावर हा डाग लावायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? एवढी हौस असेल तर गावच कल्पित करा.

आल्तिन्यो:
कल्पित गाव? मग लिहायचीच कशाला? मेलेल्या पाद्र्यांचा प्रमुख रुदोल्फो आक्वाविवा त्याच वर्षी अकबराच्या दरबारातून परतला होता. फत्तेपूर सिक्रीत मुल्लांशी वाद घातलेला हा माणूस ‘सासष्टीतल्या कुठल्याशा गावात’ मारणार तुम्ही?

आणि एक बघा. त्या पाचही जेझुइटांची नावं जगाला माहीत आहेत, १८९३मध्ये पोपने त्यांना धन्य घोषित केलं. सोबतच्या मुलांचीही नावं आहेत. मारणारा तेवढा ‘काका’. लिहिणाऱ्याला तो कोण होता याच्याशी देणंघेणं नव्हतं. आता आपलाच लेखक त्याला नाव-गाव-घर देतोय तर आपणच त्याचा हात धरायचा? मनोगतात स्वच्छ लिहा की काकाचं नाव आणि वांगड दोन्ही कल्पित आहेत. विषय संपला.

सासष्टीकार:
मनोगत वाचतो कोण? त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरेल तेव्हा मनोगत बरोबर फिरणार आहे का? आणि कायद्याचंही बघा. मेलेल्या माणसाची बदनामीसुद्धा भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमात येते, म्हणजे जुन्या ४९९मध्ये होती तशीच.

आल्तिन्यो:
कलम पूर्ण वाचा ना. घरच्यांच्या भावना दुखवायच्या हेतूने केलं असेल तर. भाजलेला बांगडा वाढणाऱ्या काकात कसला हेतू? शिवाय बदनामी कोणाची, जो माणूस लेखकाने स्वतः घडवला त्याची? प्रत्येक घराण्याला विचारून लिहायचं ठरवलं तर गोव्याच्या इतिहासावर फक्त आरत्या लिहून होतील. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत आधीच सगळे शूर आणि सगळे निर्दोष असतात. एक माणूस तरी माणसासारखा राहू द्या.

कुळागर:
तुमचं वांगडावरून जुंपलंय, पण मला ते जेवणाचं पानच पटत नाही. राशोलला शिकणारा, पाद्र्यांबरोबर हिंडणारा, म्हणजे बाटलेला पोर. १५८३मध्ये काका त्याला आपल्या पंक्तीला कसा घेईल? आणि पंक्तीत वाढलेला, पोराच्या पानातला तुकडा उचलून स्वतःच्या पानात? तिथल्या तिथे प्रायश्चित्त घ्यावं लागलं असतं हो! त्याला बाहेर पडवीत, करवंटीत पेज मिळाली असती, तीही काकीने दुरून ओतलेली. मला तर तेच जास्त भयंकर वाटतं. काका आत जेवतोय, पोर बाहेर, मध्ये उंबरा. तुकडा उचलायची गरजच राहत नाही.

जाता जाता, पहिल्या प्रकरणात कुठे मंगळुरी कौलं असतील तर काढा. ती कौलं बासेल मिशनवाल्यांनी १८६५ नंतर पाडायला घेतली. जवळपास तीनशे वर्षांनी.

वांगडाबाबत मी सासष्टीकारांच्या बाजूने. तुमच्या काकाचं दुःख त्याच्या वांगडावर अवलंबून नाही. ते काढल्याने काय बिघडतं ते आल्तिन्योबाबांनी सांगावं.

आल्तिन्यो:
बिघडतं ते असं. गावकारी म्हणजे जमीन, देऊळ, मान, सगळं वांगडावरून चालायचं. भाच्या-पुतण्याने देऊळ दाखवलं याची लाज काकाला एकट्याला नव्हती, वांगडाला होती. वांगडाची बैठक बसली असणार, त्याच्याकडे सगळ्यांनी बघितलं असणार. ते काढलंत की उरतो एक रागीट म्हातारा.

फोंडेकर:
कुळागरबाय, पडवीचं मान्य. ते प्रकरण पुन्हा लिहितोय, प्रकाशकांकडून पंधरवडा मागून घेतला. कौलंही काढली.

वांगडाचं असं ठरवलंय. गाव कुंकळ्ळीच राहील. वांगडाची बैठक राहील, आल्तिन्योबाबांचं ते म्हणणं खरं आहे, तिच्याशिवाय काका उभाच राहत नाही. पण वांगड कुठला, हे पुस्तकभर कुठेही येणार नाही. आडनावाचा, वाड्याचा, कसलाच धागा ठेवणार नाही.

सासष्टीकार:
म्हणजे आता एका घराला विचारायचे ते बाराही घरांना विचारतील! बरं केलंत. प्रकाशन कुंकळ्ळीतच ठेवा, पणजीच्या सभागृहात नको. बाराही वांगडांचे लोक समोर बसवायची जबाबदारी माझी, उत्तरं द्यायची तुमची.