कूलंट रोज कमी होतंय, पण गळतंय कुठून?

प्रश्न: बाबांची १९९९ची मारुती आठशे अजून मी चालवतो, रोज सातारा ते वाई. दोन आठवडे झाले, कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत रोज सकाळी बोटभर कमी. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला, तो कोरडा. मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, गेलं, इंजिन उघडू. मला पटत नाही. पांढरा धूर नाही, ऑइलही दुधाळ नाही. ही गाडी मला टिकवायचीय.

उत्तर: थांबा, उघडू नका. कूलंट हीटरमधूनही फिरतं, गाडीच्या आतच गळत असेल. हीटर लावल्यावर गोडसर वास येतो? काचेवर आतून चिकट धुकं? डाव्या बाजूचं मॅट उचलून कार्पेट दाबून बघा.

उत्तर: प्रेशर टेस्टरही (कूलंटच्या नळ्यांत दाब देऊन गळती शोधणारा पंप) लावून घ्या, इंजिन थंड असताना. रेडिएटरच्या टोपणावर छापलेल्या आकड्याच्या वर दाब नको. गरम इंजिनाचं टोपण चुकूनही उघडू नका, आमच्या काकांचा हात भाजलाय त्यात.

प्रश्नकर्ता: कार्पेट ओलं! बोटाला हिरवट, बुळबुळीत. डॅशखाली हीटरच्या पाइपला चीर आहे, क्लिपच्या अगदी कडेला. पाइप उद्या बदलतोय. क्लिप बाबांनी स्वतः आवळलेली, ती ठेवून घेणार.