घर तारण ठेवून म्हातारपणाचा खर्च चालवावा का?

चौकस : राहते घर कर्जमुक्त आहे, पण हातात रोख तुटपुंजी आहे, अशा अवस्थेत अनेक ज्येष्ठ असतात. रिव्हर्स मॉर्टगेजमध्ये घर तारण राहते, मालकी आणि ताबा ज्येष्ठांकडेच राहतो आणि बँक त्यांना दरमहा किंवा एकरकमी पैसे देते. हयातीत हप्ते फेडावे लागत नाहीत; वसुली मालकाच्या निधनानंतर किंवा त्याने घर कायमचे सोडल्यावर होते. भारतातील २००७ च्या योजनेत किमान वय ६० आहे, तर अमेरिकेतील सरकारी विम्याच्या योजनेत ६२. मुलांपुढे हात पसरण्यापेक्षा स्वतःच्या घराच्या किमतीवर जगणे मला अधिक सन्मानाचे वाटते.

गणिती : सन्मानाबद्दल दुमत नाही, पण त्याची किंमतही मोजून पाहावी. घराची किंमत १०० धरली, त्यातील २० एकदम उचलले आणि ९ टक्के चक्रवाढ व्याज लागले, तर २० वर्षांनी देणे ११२ होते. हप्ता नाही म्हणून कर्ज जाणवत नाही, आणि नेमका तोच धोका आहे. शिवाय घराचा कर, विमा आणि डागडुजी मालकाकडेच राहते. त्यात कुचराई झाली, तर कराराचा भंग ठरू शकतो.

सरळवाट : आपला हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष अपुरा आहे. तेच २० दरवर्षाअखेर एकेक करून घेतले, तर त्याच व्याजाने २० वर्षांनी देणे ५१ च्या आसपास राहते. म्हणजे वाद योजनेपेक्षा पैसे उचलण्याच्या पद्धतीचा आहे. शिवाय घराची किंमत दरसाल ५ टक्क्यांनी वाढली, तर तोवर ती २६५ झालेली असेल. आपल्या उदाहरणातही वारसांसाठी बरेच उरते.

गणिती : किंमत वाढेलच, हे गृहीत कशाच्या बळावर धरायचे? आणि बँकेकडून मिळणारा ठरावीक हप्ता २० वर्षे तोच राहिला, तर महागाई त्याला कुरतडत जाते. म्हणजे जेव्हा औषधोपचाराचा खर्च सर्वाधिक, तेव्हाच त्या पैशाची ताकद सर्वांत कमी. पैसे मिळण्याची मुदत संपल्यावर हा हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. अमेरिकेच्या योजनेत तर एकट्या कर्जदाराला आजारपणामुळे सलग १२ महिन्यांहून अधिक काळ शुश्रूषागृहात राहावे लागले, तर कर्ज परत मागता येते.

चौकस : म्हणूनच पती-पत्नी दोघेही कर्जदार असावेत, हा माझा आग्रह आहे, एकाच्याच नावावर कर्ज घेऊन मागे राहिलेल्याला घराबाहेर पडण्याची वेळ आणणे हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. (घरातल्या घरात हा विषय काढायला लोक का कचरतात, ते मला कळत नाही.) मात्र या दोन्ही योजनांत देणे घराच्या किमतीहून अधिक झाले, तरी फरक वारसांच्या इतर मालमत्तेतून वसूल होत नाही, आणि कर्ज फेडून घर राखण्याची संधी वारसांना मिळते. ही बाजू आपल्या मांडणीत आली नाही.

गणिती : ती हमी फुकट मिळत नाही. घराच्या किमतीच्या तुलनेत सुरुवातीलाच कमी रक्कम मंजूर होते, अमेरिकेत कर्जावरील सरकारी विम्याचा हप्ताही कर्जात मिळवला जातो, आणि त्यावरही व्याज चढते. ज्यांना घर सोडणे शक्य आहे, त्यांनी ते विकून लहान घर घ्यावे आणि उरलेली रक्कम गुंतवावी, हे माझे मत कायम आहे.

सरळवाट : ज्यांना ते शक्य नाही, त्यांच्यासाठीच तर ही योजना आहे.