क्रीट (ग्रीस): सहा जणांसाठी परवडणारं हॉटेल कुठे आणि कसं निवडावं?

ओवी_७
मे २०२७ मध्ये मुलांच्या सुट्टीत क्रीट बेटावर आठ रात्री राहायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलं (वय ९ आणि ५) आणि सासू-सासरे. सासूबाईंना जिने चढवत नाहीत. सगळे शाकाहारी, अंडं चालतं. गाडी चालवणार नाही, बसनेच फिरू. हर्सोनिसोस, रेथिम्नो की चानिया? ऑल इन्क्लुझिव्ह (खोलीच्या दरातच सगळं खाणंपिणं) रिसॉर्ट घेतलं तर जेवणाची कटकट मिटेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

दर्यावर्दी
आधी तारखा पक्क्या करा. २ मे २०२७ ला ग्रीकांचा ईस्टर आहे. त्या आठवड्यात अथेन्सहून लोक आपापल्या गावी जातात, बोटी आणि विमानं भरून जातात. शिवाय मेच्या सुरुवातीला समुद्र इतका गार असतो की मुलं पाच मिनिटांत बाहेर येतील, आणि साध्या हॉटेलांचे पोहण्याचे तलाव तापवलेले नसतात. २० मे ते ५ जून हा काळ धरा: पाणी बरं, जुलै-ऑगस्टचे चढे दर अजून दूर, आणि शाळा उघडायच्या आत घरी परत. (दिवाळीच्या सुट्टीचा विचार करणाऱ्यांसाठी: समुद्रकाठची बरीचशी हॉटेलं ऑक्टोबरअखेर बंद होतात.)

गाव म्हणाल तर रेथिम्नो, निःसंशय. हेराक्लिओन विमानतळापासून साधारण ८० किमी आणि चानियापासून ६०, म्हणजे एकाच जागी राहून दोन्हीकडे सकाळी बसने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. जुन्या गावाच्या पूर्वेला लागूनच वाळूचा किनारा सुरू होतो तो जवळपास १२ किमी जातो. त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात, गाव ते पेरिवोलिया या पट्ट्यात शोधा. रस्ता सपाट आहे, जुन्या गावात चालत किंवा गावातल्या बसने जाता येतं. हर्सोनिसोस आणि मालिया रात्रीच्या पार्ट्यांसाठी प्रसिद्ध आहेत, ज्येष्ठांना घेऊन मी तिकडे सुचवणार नाही. हर्सोनिसोसच्या वरची कुतुलुफारी वगैरे गावं शांत आहेत, पण समुद्रावर जाऊन परत येताना चढ लागतो.

रेथिम्नो-चानियाच्या जुन्या गावातली दगडी घरं फोटोत मोहात पाडतात. तुमच्यासाठी नकोत. अरुंद खडे जिने, गाडी दारापर्यंत येत नाही, बॅगा फरसबंदीवरून ओढत न्याव्या लागतात, आणि बंदराजवळ रात्री उशिरापर्यंत गजबज.

कोथिंबीरवडी
ऑल इन्क्लुझिव्हबद्दल स्पष्ट मत: शाकाहारी कुटुंबाने घेऊ नये. त्या दरात दारू धरलेली असते आणि जेवणाचा खर्च मांस-मासळीवर. तुमच्या ताटात सॅलड, बटाटे आणि पास्ता येणार, पैसे मात्र पूर्ण बुफेचे जाणार. वर जेवणाच्या वेळेला हॉटेलवर परतायची घाई.

त्यापेक्षा 'स्टुडिओ' किंवा 'अपार्टमेंट' घ्या. ग्रीसमध्ये भाड्याच्या खोल्यांची ही जुनी पद्धत आहे. त्यांना ताऱ्यांऐवजी चाव्यांची ('की') श्रेणी मिळते, एक ते चार. त्यामुळे शोधताना ताऱ्यांची चाळणी लावलीत तर चांगली घरं यादीतून गळू शकतात. आत दोन शेगड्यांची विजेची पट्टी, छोटा फ्रिज, दोन-चार भांडी असतात. तवा पातळ आणि सुऱ्या बोथट असं गृहीत धरा. शेगडी तापायला वेळ घेते, म्हणून सपाट बुडाचा दोन लिटरचा कुकर न्या, वरण-भात सुटतो.

आता कर. ग्रीसमध्ये हवामान-कर प्रत्येक खोलीमागे प्रत्येक रात्री द्यावा लागतो. तो बुकिंगच्या रकमेत बहुधा धरलेला नसतो, हॉटेलवर वेगळा मागतात. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबरचे दर: एक-दोन तारे २ युरो, तीन तारे ५, चार तारे १०, पाच तारे १५. म्हणजे चार ताऱ्यांच्या दोन खोल्या, आठ रात्री: १६० युरो. दोन ताऱ्यांच्या: ३२. स्वस्त वाटणारी चार ताऱ्यांची 'ऑफर' इथेच महाग पडते.

ओवी_७
खूप धन्यवाद! एक सापडलंय: प्लातानियासमध्ये, समुद्रापासून २०० मीटर, पहिल्या मजल्यावर दोन जोडखोल्या. घ्यावं का?

दर्यावर्दी
थांबा, कुठलं प्लातानियास? एक चानियाच्या पश्चिमेला आहे, एक रेथिम्नोच्या पूर्वेला. नावावरून भलतंच बुक होतं आणि विमानतळावरून निघताना लक्षात येतं. पत्त्यात जिल्ह्याचं नाव बघा. चानियाकडच्या प्लातानियासचा बराच भाग टेकडीवर आहे.

२०० मीटर हे अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजलेलं असू शकतं. उपग्रहचित्र उघडून मधे मोठा रस्ता येतो का पाहा. किनाऱ्याला समांतर गाड्यांचा रस्ता असतो आणि पदपथ सगळीकडे नाही, पाच वर्षांच्या मुलाला घेऊन तो रोज चार वेळा ओलांडायचा आहे. हेराक्लिओनजवळचं काही बघत असाल तर विमानांचा मार्गही तपासा: कार्तेरोस, अम्निसोस या पट्ट्यात आवाज फार.

आणि 'पहिला मजला' म्हणजे एक जिना वर. दोन-तीन मजली स्टुडिओंना लिफ्ट बहुतेक नसते. तळमजला हवा असं बुकिंगच्या शेऱ्यात लिहून भागत नाही, मालकाकडून होकाराचा निरोप लेखी घ्या. त्याच निरोपात विचारा: एसीचे वेगळे पैसे आहेत का, सौर बंबाला विजेची जोड आहे का (नसेल तर रात्री सहाव्या माणसाला गार पाणी), तिसरी खाट खरी आहे की सोफा. मुलांची वयं खरी टाका, नाहीतर खोलीतल्या माणसांची मर्यादा ओलांडली म्हणून दारात दुसरी खोली घ्यायला लावतात.

कोथिंबीरवडी
भर घालते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तोवर फक्त विनाशुल्क रद्द होणारंच बुकिंग ठेवा, आणि बुकिंगच्या कागदावर सहाही जणांची नावं येतील असं मालकाला सांगा. 'नॉन-रिफंडेबल' दहा-पंधरा टक्के स्वस्त दिसलं तरी व्हिसा हातात येईपर्यंत त्याला हात लावू नका.

टॅक्सीत चारच प्रवासी बसतात. विमानतळावरून आठ आसनी गाडी आधी ठरवा, लहान मुलाच्या आसनासह.

संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. नळ्या अरुंद असतात, तुंबतात. पाण्याचा जेट नसतो, घरून प्लास्टिकचा मग घेऊन जा.

बाहेर जेवताना 'होरिस क्रेआस' म्हणजे मांसाशिवाय. मेन्यूतल्या 'लादेरा' विभागातल्या भाज्या ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या असतात. 'फावा' तर पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, सासूबाईंना नक्की रुचेल. 'येमिस्ता' म्हणजे भात भरलेले टोमॅटो-मिरच्या, पण त्यात कधी खिमा असतो, विचारून घ्या.

ओवी_७
कुकरसोबत घरून काय नेता येईल? तूप? आंबे?

कोथिंबीरवडी
दोन्ही नाही. युरोपीय संघात बाहेरून प्रवाशाने दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यात तूप, पनीर, खवा सगळं आलं. आंब्याला आरोग्य-प्रमाणपत्र लागतं, कढीपत्त्यालाही. डाळ-तांदूळ तिथल्या सुपरमार्केटात मिळतात. तुम्ही मेतकूट, गोडा मसाला, हिंग, चटण्या न्या, आणि सगळं मूळ सीलबंद पाकिटात.