मदत हवी आहे: कॅराव्हॅनमध्ये वॉशिंग मशीन बसवायचं आहे, जागा २४ बाय १८ इंच

पेठरोडकर
राम राम मंडळी. फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅराव्हॅन अंबडला फॅब्रिकेटरकडे उभी आहे. पलंग, ओटा, टाक्या झाल्या, फक्त वॉशिंग मशीनचं घोडं अडलंय. माहिती अशी:

ताज्या पाण्याची टाकी १२० लिटर, सांडपाण्याची ६० लिटर, दोन्ही फ्लोअरखाली. पाण्याला १२ व्होल्टचा पंप, ३५ पीएसआयला आपोआप बंद होणारा. १०० एएचच्या (अँपिअर-अवर) दोन लिथियम बॅटऱ्या समांतर जोडलेल्या. इन्व्हर्टर घरगुती, १ केव्हीए, स्क्वेअर वेव्ह (वीज गुळगुळीत लाटेत न देता टप्प्याटप्प्यात देणारा). मागच्या दाराशी २४ इंच रुंद आणि १८ इंच खोल जागा शिल्लक आहे. माणसं चार.

साडेसहा किलोचं सेमी ऑटोमॅटिक बसेल का? की फ्रंट लोड घ्यावं? फॅब्रिकेटर म्हणतो प्लायमध्ये स्क्रू मारून पक्कं करतो. ते चालेल? आणि एवढ्या बॅटरीवर मशीन किती वेळ चालेल?

सातपूरी नट-बोल्ट
आधी टेप घ्या. साडेसहा किलोचं दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक रुंदीला ७० सेंमीच्या पुढेच असतं, तुमचे २४ इंच म्हणजे ६१ सेंमी. फुली ऑटोमॅटिक टॉप लोडची खोली ५४ सेंमीच्या आसपास, तुमची ४६. दोन्ही बाद. कमी खोलीचं फ्रंट लोड कागदावर बसतं, पण मागे पाइपांना ५-७ सेंमी लागतात आणि पुढे दार उघडायला वेगळी जागा.

फ्रंट लोडचं खरं दुखणं वजन आहे. त्यात काँक्रीटचा ठोकळा असतो, ६ किलोवालंही ५५-६० किलोच्या घरात जातं. ड्रम स्प्रिंग आणि डॅम्परवर (हादरे शोषणाऱ्या दांड्यांवर) लटकलेला असतो. घरी आणताना ड्रम हलू नये म्हणून मागे जे ट्रान्झिट बोल्ट असतात, ते प्रत्येक वेळी गाडी हलवण्याआधी परत लावावे लागतील. ते न लावता कसारा घाट उतरलात तर ड्रम आतल्या आत आपटून डॅम्पर जातील, बेअरिंगला मार बसेल. मागच्या एक्सलच्या मागे एवढा बोजा नकोच.

गंगापूररोड_ताई
फ्रंट लोडच्या बाजूने एक मुद्दा मांडते. पाणी सगळ्यात कमी तेच घेतं, एका धुण्याला ४०-५० लिटर. टॉप लोड फुली ऑटोमॅटिकला १०० लिटर सहज लागतात, म्हणजे एका धुण्यात यांची टाकी संपली. बोल्ट लावणं पाच मिनिटांचं काम आहे.

वायरमन_सिडको
ताई, पाण्याचं बरोबर आहे, पण फ्रंट लोडमध्ये हीटर असतो, १८०० ते २००० वॉटचा. १ केव्हीए इन्व्हर्टर त्याला बघूनच झोपेल. थंड पाण्याचा प्रोग्रॅम लावता येतो, पण कोणीतरी चुकून ४० डिग्री दाबणारच.

पेठरोडकर, तुमच्या विजेच्या प्रश्नाचं उत्तर: बॅटरी भरपूर आहे, इन्व्हर्टर चुकीचा आहे. दोन बॅटऱ्यांत मिळून अडीच युनिट वीज आहे. ३ किलोच्या छोट्या मशीनची मोटर २५० वॉटच्या आसपास, तीही उलटसुलट फिरताना मध्ये थांबते. एक धुणं आणि एक पिळणं धरून १०-१२ एएच जातील, बस्स. पण या मोटरी इंडक्शनच्या असतात. स्क्वेअर वेव्हवर त्या घुमतात, तापतात, ताकद कमी देतात, आणि टायमर इलेक्ट्रॉनिक असेल तर तो वेडावाकडा वागतो. शुद्ध साइन वेव्हचाच (घरच्या लाइनसारखी वीज देणारा) घ्या, आणि चार्जिंगला लिथियम मोड असलेला. घरगुती इन्व्हर्टर बहुधा लेड अॅसिडच्या हिशोबाने चार्ज करतो.

सुरू होताना मोटर चालू करंटच्या ४-५ पट खेचते. २५० वॉटची मोटर क्षणभर हजार-बाराशे मागेल. म्हणून १ केव्हीए ठेवा पण क्षणिक २००० वॉट झेपणारा. बॅटरी ते इन्व्हर्टर केबल २५ चौरस मिमी तांब्याची, लांबी दीड मीटरच्या आत. १० चौरस मिमी टाकली तर १०० अँपिअरला अर्धा व्होल्ट केबलमध्येच जातो आणि इन्व्हर्टर लो बॅटरी म्हणून ओरडतो. मग लोक बॅटरीला शिव्या देतात. केबलच्या टोकाचे लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या, हातोडीने चेपलेले नकोत. बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात १२५ अँपिअरचा फ्यूज.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. गाडीतल्या इन्व्हर्टरचं आउटपुट बहुधा तरंगतं असतं, न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. तसं असेल तर ३० एमएचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावूनही तो शोभेचाच, कारण गळतीच्या करंटला परत यायला वाट नाही. इन्व्हर्टरवर चालताना न्यूट्रल चॅसिसला जोडलेला हवा आणि बाहेरून लाइन घेताना तो जोड आपोआप सुटला पाहिजे. हे ट्रान्सफर रिले (लाइन आणि इन्व्हर्टर यांत आपोआप बदल करणारा स्विच) असलेल्या इन्व्हर्टरमध्ये होतं. ओले हात, पत्र्याची गाडी, यात काटकसर नको.

पेठरोडकर
इन्व्हर्टर बदलतो. म्हणजे आता ३ किलोचं एका टबाचं, वर ड्रायरची जाळी ठेवायची, ते घ्यायचं?

सातपूरी नट-बोल्ट
घेता येईल, आकाराने बसतं आणि रिकामं ७-८ किलोच असतं. पण त्याची ड्रायरची जाळी नावापुरती आहे. एका वेळी किलो-दीड किलो कपडे, तेही एका बाजूला गोळा झाले की थडथड. चार माणसांच्या जीन्स आणि टॉवेल त्यात पिळून निघणार नाहीत.

माझं मत वेगळं आहे. गाडीत धुणं हा प्रश्नच नाही, वाळवणं हा आहे. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकला किंवा कोकणात हाताने पिळलेला टॉवेल दोन दिवस ओला राहतो आणि गाडीभर कुबट वास. म्हणून नुसता ड्रायर (गरम हवेचा नाही, फिरवून पिळणारा) घ्या. ५-६ किलोचा सुटा ड्रायर साधारण १५-१६ इंच चौरस जागेत बसतो, १३०० आरपीएमच्या आसपास फिरतो. फुली ऑटोमॅटिक टॉप लोड ७०० च्या आसपास फिरतं, म्हणजे कपडे यात जास्त कोरडे निघतात.

धुवायला २५ लिटरचा रुंद तोंडाचा ड्रम, झाकणाला रबरी गॅस्केट असलेला. एक तृतीयांश कपडे, ८ लिटर पाणी, एक चमचा लिक्विड, वरचा भाग रिकामा. रिकामी जागा हवीच, नाहीतर कपडे हलत नाहीत. पट्ट्याने बांधून ठेवा. वणीच्या गडाचा रस्ता असो की कसारा घाट, तासाभरात वळणं आणि खड्डे धुऊन देतात. आपल्या रस्त्यांचा हा एवढाच उपयोग.

गंगापूररोड_ताई
हे पटलं. फक्त पावडर नको. जानेवारीत निफाडकडच्या थंडीत टाकीतल्या पाण्यात ती विरघळत नाही आणि गडद कपड्यांवर पांढरे चट्टे राहतात. सिन्नरकडे बोअरचं जड पाणी भरलंत तर फेस कमी येईल. म्हणून लिक्विड वाढवू नका, भिजवायचा वेळ वाढवा. फेस जास्त झाला की तो काढायला दुप्पट पाणी जातं.

क्रम असा ठेवा: ड्रममधून काढून आधी २ मिनिटं ड्रायर, मग एकदा खळबळणं, मग ५ मिनिटं ड्रायर. साबणाचं पाणी आधीच निघून गेल्याने एकाच खळबळण्यात काम होतं. खळबळलेलं पाणी ओतू नका, पुढच्या ड्रमला तेच घाला. दोन ड्रम कपडे ४० लिटरच्या आत निघतात.

पेठरोडकर
ड्रायरच घेतो मग. निचरा आणि बसवणं सांगा. प्लायला स्क्रू?

सातपूरी नट-बोल्ट
प्लायला अजिबात नाही. थरथरीने भोकं मोठी होतात आणि जोरात ब्रेक मारला की ड्रायर ड्रायव्हरच्या पाठीत. ४०x४०x५ च्या अँगलची चौकट, खाली चॅसिसच्या आडव्या पट्टीपर्यंत (क्रॉस मेंबर) आरपार एम८ बोल्ट, थरथरीने न सुटणारे नायलॉक नट, खाली रुंद प्लेट. चौकटीत ४० मिमी काठाचा स्टीलचा ट्रे, त्यात १५ मिमी रबर पॅड, त्यावर ड्रायर. वरून २५ मिमीचा रॅचेट पट्टा, पण प्लास्टिक बॉडीवर रबर ठेवूनच ताणा, नाहीतर चिरते. प्रवासात आतला टब डुलू नये म्हणून त्यात जुनी उशी कोंबायची आणि झाकणालाही पट्टा.

ड्रायरला पंप नसतो, पाणी उताराने जातं. म्हणून चौकट फ्लोअरपासून ८ इंच उंच करा. सव्वा इंची पीव्हीसी, दर मीटरला अडीच सेंमी उतार, मध्ये वास अडवायला यू ट्रॅप, आणि फ्लोअरपाशी एक बॉल व्हॉल्व्ह. गाडी चालताना तो बंद, नाहीतर ब्रेकला सांडपाणी उसळून परत टबात येतं. टाकीला २० मिमीचा हवेचा पाइप छतापर्यंत न्या. तो नसेल तर पाणी गडगड करत अडतं आणि लोक पाइप चोकअप समजून खोलत बसतात. तोंडाला नायलॉनची जाळी, धाग्यांसाठी.

वायरमन_सिडको
ड्रायर चालवण्याआधी गाडीचे जॅक खाली टेकवा आणि ड्रायरवर लेव्हल ठेवून बघा. गाडी तिरकी किंवा स्प्रिंगवर झुलती असेल तर टब थडथडतो, मोटर जास्त करंट खेचते आणि ड्रायरच्या ब्रेकची केबल घासते. झाकण उघडल्यावर टब थांबायला वेळ लागू लागला तर तीच केबल तपासा.

पेठरोडकर
सांडपाणी शेताच्या बांधावर सोडलं तर? साबणाचंच तर आहे.

गंगापूररोड_ताई
नको. त्यातला सोडियम मातीत साचतो, निचरा बिघडतो. द्राक्षवाला काठी घेऊन येईल आणि त्याचं चुकणार नाही. गोदावरीत किंवा कुठल्या नाल्यातही नको. मुक्कामाच्या हॉटेलात किंवा पेट्रोल पंपावर विचारून संडासाच्या चेंबरमध्ये टाकी रिकामी करा. टाकीच्या खालच्या व्हॉल्व्हला लावायला दीड इंची ३ मीटर पाइप गाडीत ठेवा. आणि घाट चढायच्या आधी रिकामी करा, ६० लिटर म्हणजे ६० किलो.