ओंडक्यावर पिवळं काहीतरी आलंय आणि ते जागा बदलतंय, काय असेल?

कोकणकडा_७: चिपळूणजवळ गावी घराच्या मागे आंब्याचा जुना ओंडका कुजत पडलाय, परवा पाऊस जरा उघडला तर त्याच्यावर पिठलं सांडल्यासारखं पिवळंधमक काहीतरी दिसलं, संध्याकाळी बघतो तर वीतभर वर सरकलेलं, आणि आज सकाळी वाळून फेसाळ वडी झालीये, हात लावला तर आत काळी भुकटी. बुरशी अशी चालते का? लहान मुलं तिथेच खेळतात, काढून टाकू का?

रानभूल: काढू नका हो प्लीज! हा स्लाइम मोल्ड आहे, बहुतेक फुलिगो सेप्टिका. बुरशी नाहीच ही, अमीबाच्या गोतावळ्यातली. तुम्ही जे सरकताना पाहिलंत ते प्लाझमोडियम, म्हणजे अख्खी एकच पेशी, आत केंद्रकं मात्र हजारोंनी. लाकडातले बॅक्टेरिया, बुरशीचे बीजाणू खात हिंडते आणि बीजाणू धरायची वेळ आली की उघड्या, कोरड्या जागी वर येते. वरचा पापुद्रा चुन्याचा, आतली काळी भुकटी म्हणजे बीजाणू. विषारी नाही, फक्त घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर ती भुकटी उडवू नका.

भिंगवाली: +१. आणि आता तोच ओंडका खालून बघा दादा, खरी मजा तिथे असते. टॉर्च समोरून नको, आडवा धरायचा म्हणजे स्लाइम मोल्डच्या बीजाणू धरणाऱ्या मिलिमीटरभर उंचीच्या दांड्यासुद्धा सावलीमुळे लगेच दिसतात. दहा पट दाखवणारं भिंग पुरतं. गुलाबी गोळे दिसले तर लायकोगाला, हाही स्लाइम मोल्डच, कोवळा गोळा टोचला की दाट गुलाबी रस येतो. स्टेमोनायटिस नावाचा स्लाइम मोल्ड सापडला तर तिथून हलूच नका, आधी पांढरे दाणे, मग दांड्या उंच होतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तपकिरी झुपका तयार, तासातासाने फोटो काढले तर सगळा बदल मिळतो. माझ्या मते नाव शोधण्याआधी हे बघावं, कारण नुसत्या पिवळ्या प्लाझमोडियमवरून जात ठरत नाही, फळं, म्हणजे बीजाणूंचे गोळे किंवा दांड्या, धरल्यावरच कळते.

कोकणकडा_७: बापरे, एक पेशी?? मुलांना आत्ताच दाखवतो. पण आम्ही रविवारी मुंबईला परत, तिकडे कुठे बघणार?

रानभूल: घरीच! जिवंत झाडाच्या सालीचे सुकलेले तुकडे घ्या, झाकणाच्या डबीत टिश्यू पेपर घालून त्यावर मांडा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर भिजू द्या, सकाळी जास्तीचं पाणी ओतून टाका आणि रोज भिंगाने बघा. ही पद्धत १९३३ पासून चालत आलीये. काही दिवसांत सालीवर स्लाइम मोल्ड येतात, कधी दोन-तीन आठवडेही लागतात, पेपर सुकू देऊ नका. आलेले नमुने ठेवायचे असतील तर सालीसकट वाळवून काड्यापेटीच्या तळाला फेविकॉलने चिकटवा, आणि पेटीवर तारीख, गाव, झाड कुठलं हे पेन्सिलने लिहा, त्याशिवाय पुढे नमुन्याचा फारसा उपयोग होत नाही.